गाण्यालाही टायटल ब्लॉक हवा

सध्या मुक्काम बंगळुरू. मागच्या पोस्टिंगवरून लिहायचो तेव्हा बोटं गारठलेली असायची, आता हाताला कूलंटचा वास असतो. फरक एवढाच. कामानिमित्त महिन्यातून दोन-तीनदा पीण्याला जावं लागतं. ज्यांनी पीण्या पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: आपल्या भोसरी-चाकणचा थोरला भाऊ समजा. सत्तरच्या दशकात वसलेली वसाहत, एकमेकांना चिकटून हजारो छोटे-मोठे कारखाने, कुठे पावडर कोटिंग, कुठे फोर्जिंग, कुठे दोन सीएनसी मशिनं आणि एक देवाचा फोटो एवढ्यावर चाललेला धंदा. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर ‘पीण्या इंडस्ट्री’ असं स्टेशनच आहे. फौजेच्या गाड्यांत, तोफांत, रेडिओत बसणारे कितीतरी बारके पार्ट अशा गल्ल्यांमधून निघतात. टीव्हीवरच्या संचलनात ते दिसत नाहीत.

गेल्या महिन्यात एका कारखान्यात पहिल्या नगाची तपासणी होती. ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं, शेजारी पार्ट, मी आणि त्यांचा क्वालिटीवाला गेज लावून एकेक माप टिपून घेतोय. तेवढ्यात शिफ्ट संपवून, कपडे बदलून एक पोरगा जाता जाता थांबला. नेमप्लेटवरचं माझं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाला, “साहेब, तुम्ही आमच्याकडचे?” खानापूर तालुक्यातला. आयटीआय करून आलेला, आता व्हीएमसी चालवतो. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या नागमोडी रेघा, डोंगररांगांसारख्या एकाखाली एक.

मी विचारलं, “हे काय आहे रे छातीवर?”

“डिझाईन आहे साहेब.”

मग कळलं, पोरगा गिटार वाजवतो. चौघांचा ग्रुप आहे. आयुधपूजेला मशिनांना झेंडूच्या माळा चढल्या की शेडमध्ये यांचा कार्यक्रम असतो. फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. दोन-तीन कन्नड गाणी, एक मराठी, आणि मग एक संथ, उदास इंग्रजी चाल. शब्द जमत नाहीत म्हणून नुसतीच वाजवलेली. मी चमकलो. चाल माझ्या ओळखीची होती.

“हे कुणाचं गाणं?”

“माहीत नाही साहेब. रीलवर एक मुलगी गात होती. आवडलं, बसवलं.”

ते गाणं होतं ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचं, १९८० सालचं. आणि त्याच्या टी-शर्टवरच्या रेघा म्हणजे त्याच बँडच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ. ज्यांचं चित्र अंगावर, त्यांचंच गाणं बोटांत, आणि दोन्हींचा धनी कोण याचा पत्ता नाही.

संध्याकाळी कोर्सच्या ग्रुपवर मी हा किस्सा टाकला. एका कोर्समेटचं उत्तर आलं, “कारखान्यातली पोरं कव्हरच वाजवणार. ओरिजिनल करायला डोकं लागतं.” खाली तीन अंगठे. माझं डोकं फिरलं. ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथे लिहितो. त्या कोर्समेटशी माझं भांडण आहेच, पण मुद्दा तेवढ्यावर संपत नाही. तो पोरगा ज्या हवेत वाढला, तिच्याशी आणि शेवटी स्वतःशीही भांडण आहे. ते येईलच पुढे.

आधी कोर्समेटचा हिशोब.

खडकवासल्याला पाचव्या टर्मला माझ्या शेजारच्या केबिनमध्ये शिलाँगचा एक कोर्समेट होता. त्याच्याकडे डब केलेल्या कॅसेटींचा बूट ठेवायचा डबा भरलेला. हे गाणं मी पहिल्यांदा तिथे ऐकलं, आणि तेही मूळ बँडचं नव्हे तर पॉल यंगनं १९८३ मध्ये गायलेलं. म्हणजे कव्हर. मऊ, गुळगुळीत, रेडिओला चालेल असं. मला ते आवडलं. पण कॅसेटच्या आतल्या कार्डावर त्यानं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: मूळ जॉय डिव्हिजन, मँचेस्टर, फॅक्टरी रेकॉर्ड्स. त्या ओळीचा धागा पकडून मी काही वर्षांनी मूळ गाण्यापर्यंत पोचलो. मूळ ऐकल्यावर अंगावर काटा आला. गाणारा इयन कर्टिस १८ मे १९८० ला गेला, वयाच्या २३ व्या वर्षी, स्वतःच्या हाताने. रेकॉर्ड बाजारात आली ती पुढच्या महिन्यात.

म्हणजे कव्हरनं माझं काही बिघडवलं नाही. कव्हर माझ्यासाठी दार ठरलं. पण दारावर पाटी होती म्हणून.

आता फॅक्टरी रेकॉर्ड्सबद्दल थोडं. १९७८ मध्ये टोनी विल्सन हा टीव्हीवरचा निवेदक आणि त्याचा मित्र अ‍ॅलन इरॅस्मस यांनी हा उद्योग सुरू केला. बडी कंपनी पाठीशी नाही, लंडनला जायचं नाही, गिरण्या बंद पडत चाललेल्या आपल्याच शहरात बसून आपल्या पोरांची गाणी काढायची. या अशा छोट्या कंपन्यांमधूनच इंग्लंडच्या न्यू वेव्ह संगीताचा बराचसा भाग आला. धंद्याचं गणित कच्चं होतं, १९९२ मध्ये दिवाळं वाजलं. पण एक गोष्ट त्यांनी पक्की केली होती: गाणी वादकांच्या मालकीची, कंपनीच्या मालकीचं काहीच नाही. दिवाळखोरीच्या वेळी लंडनची बडी कंपनी विकत घ्यायला आली तेव्हा हाच कागद पुढे आला, आणि घेण्यासारखं कंपनीकडे फारसं काही नाही हे उघड झालं. व्यवहारी माणूस याला मूर्खपणा म्हणेल. मी त्याला कबुली म्हणतो. ज्याचं आहे त्याचं आहे, हे त्यांनी स्वतःच्या तोट्यात लिहून दिलं.

या कंपनीच्या आणि तिच्या काळातल्या गाण्यांची किती रूपं झाली! २००४ मध्ये एका फ्रेंच मंडळींनी न्यू वेव्हची गाणी ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या ठेक्यावर बांधून अख्खा अल्बम काढला. ग्रुपचं नाव नूव्हेल व्हाग. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नवी लाट, आणि बोसा नोव्हाचा अर्थही जवळपास तोच. त्यात हे गाणंही आहे. ज्यांनी मूळ गाणं फारसं ऐकलेलं नाही अशा तरुण मुलींकडून त्यांनी मुद्दाम गाऊन घेतलं, की नक्कल होऊच नये. कबरीसारखं थंड गाणं तिथे समुद्रकिनाऱ्यावरच्या दुपारसारखं वाटतं, आणि तरीही दुःख जागच्या जागी राहतं. याला डोकं लागत नाही म्हणणाऱ्यानं एकदा करून दाखवावं.

आणि आपण कुठल्या तोंडानं कव्हरला नाकं मुरडतो? आपलं ख्यालगायन काय आहे? अठराव्या शतकातल्या सदारंगांच्या बंदिशी आजही गवई गातात, आणि आपण तासभर मान डोलावतो. कुणी उठून म्हणतं का, बुवा, स्वतःचं काहीतरी म्हणा? फौजेचंच घ्या. २०२२ पासून बीटिंग रिट्रीटमध्ये ‘अबाइड विद मी’च्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ वाजतं. ब्रास बँडवर, शब्दांशिवाय. ते कव्हरच आहे. विजय चौकात ते ऐकताना माझ्या कोर्समेटचे डोळे कोरडे राहिले असतील असं मला वाटत नाही.

पीण्यात तर हा मुद्दा दिवसभर डोळ्यांसमोर असतो. ड्रॉइंग दुसऱ्याचं, मटेरियल दुसऱ्यानं ठरवलेलं, माप दुसऱ्यानं दिलेलं. खानापूरच्या पोराला त्यात एका मायक्रॉनचंही स्वातंत्र्य नाही. तरी एकाच ड्रॉइंगवर दोन कारखान्यांत केलेले पार्ट हातात घेतले की मला कळतं कोणी मन लावून केलाय. कडा कशा मारल्यात, बर कसा काढलाय, टूल कुठे बदललंय, सगळं बोलतं. दुसऱ्याचं नीट करणं हीच निम्मी कारागिरी आहे. तेव्हा कोर्समेटा, अंगठे परत घे.

आता दुसरी बाजू. कव्हरच्या बाजूनं एवढं बोलल्यावर पुढचं बोलायचा मला हक्क आहे.

टी-शर्टवरच्या त्या रेघा म्हणजे डोंगर नव्हेत. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल नावाच्या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदावर एक विचित्र खूण दिसली. दर १.३३ सेकंदांनी नेमाने येणारा ठोका. तो पहिला सापडलेला पल्सार. आपल्या जुन्नरजवळ खोडदला ज्या महाकाय अँटेना उभ्या आहेत, त्या आजही असेच ठोके ऐकतात. पुढे अमेरिकेत हॅरल्ड क्राफ्ट या संशोधकानं १९७० च्या आपल्या प्रबंधात या पल्सारचे ठोके एकाखाली एक रचून आलेख काढला. तो फिरत फिरत खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेला, तिथून बँडच्या हाती लागला, आणि पीटर सॅव्हिलनं काळ्यावर पांढरा करून मुखपृष्ठ बनवलं. क्राफ्टचं नाव कुठेच नाही. त्याला स्वतःलाही हे नंतर कळलं. आणि पल्सारच्या शोधाबद्दल १९७४ चं नोबेल मिळालं ते बेलच्या मार्गदर्शकाला. बेलला नाही.

म्हणजे त्या एका टी-शर्टमध्ये किती नावं पुसली गेलीत पाहा. ताऱ्याचा ठोका ओळखणारी मुलगी, आलेख काढणारा विद्यार्थी, चित्र रचणारा कलाकार, ज्यांच्यासाठी रचलं तो बँड, आणि बहुधा ज्यानं तो शिवला तो तिरुप्पूरचा कारागीरही. उरलं काय, तर “डिझाईन आहे साहेब.”

कुणी हुशार वाचक म्हणेल, फॅक्टरीवाले तरी कुठे नाव छापायचे? खरं आहे. त्या अल्बमच्या दर्शनी बाजूवर ना बँडचं नाव ना अल्बमचं. न्यू ऑर्डरच्या १९८३ च्या ‘ब्लू मंडे’वर तर नावाच्या जागी रंगांची सांकेतिक लिपी. पण दर्शनी नाव लपवणं ही बनवणाऱ्याची मर्जी होती. हक्काच्या कागदावर ते नाव ठसठशीत होतं. स्वतःचं नाव झाकणं हा संकोच असेल, मिजास असेल. दुसऱ्याचं झाकणं ही चोरीच.

या चोरीला आपण किती सरावलोय! मी शाळेत असताना कराडच्या एसटी स्टँडसमोर कॅसेटचं दुकान होतं. एचएमव्हीची कॅसेट परवडायची नाही, टी-सीरिजची परवडायची. रफीसाहेबांची म्हणून घेतलेली एक कॅसेट मी वर्षभर घासली. नंतर कुणीतरी दाखवलं, की गाणारा सोनू निगम आहे. कव्हरवर लिहिलेलं होतं, नाही असं नाही. पण फोटो आणि मोठी अक्षरं रफींची. पोरगा दोघांपैकी कुणाचा झाला? रफींचा नाही, आणि ज्या सोनूनं जीव तोडून गायलं त्याचाही नाही. त्याहून जुनी गोष्ट घ्या. १९४९ च्या ‘महल’मधलं गाजलेलं गाणं रेकॉर्डवर ‘कामिनी’ या पात्राच्या नावानं आलं होतं. गाणारीचं नाव लता मंगेशकर आहे हे श्रोत्यांना विचारून विचारून काढून घ्यावं लागलं.

कायदा याबाबत आंधळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कव्हर करायची सोय पहिल्यापासून होती. २०१२ च्या दुरुस्तीनं तिला कलम ३१ क चं स्वरूप दिलं. मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं उलटू द्या, किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरा, चालीला उगीच हात लावू नका, लोकांची दिशाभूल होईल असं वेष्टन करू नका, आणि हे कव्हर आहे असं वेष्टनावर स्पष्ट लिहा. कलम ५७ तर सांगतं, की हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणायचा निर्मात्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. कायद्यानं जमेल तेवढं केलंय. पण तीस सेकंदांच्या रीलला वेष्टनच नाही. तिथे लिहिणार कोण आणि वाचणार कोण?

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: भावना पोचली ना, मग नाव कशाला? कला सगळ्यांची असते. हे वाक्य मी आजवर ज्यांच्याकडून ऐकलं, त्यांतल्या एकानंही स्वतःच्या पुस्तकावर, पोस्टरवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर नाव छापायचं सोडलेलं नाही. सगळ्यांची असते ती नेहमी दुसऱ्याची कला.

आणि हा आग्रह परदेशी आहे असं समजू नका. वारीत चाललेला माणूस दिवसभर दुसऱ्याचीच गाणी गातो. पण अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव विणलेलं असतं. तुका म्हणे. जनी म्हणे. साडेतीनशे-सातशे वर्षं, लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी, हजार चालींवर गायलं, तरी नाव पडलं नाही. एकनाथांनी तर ‘एका जनार्दनी’ म्हणून स्वतःच्या नावाला गुरूचं नाव कायमचं जोडून ठेवलं. म्हणजे मी कोण आणि मला कुणाकडून मिळालं, दोन्ही एका दमात. कुठलाही कॉपीराइट कायदा नव्हता तेव्हा आपल्या लोकांनी हा प्रश्न सोडवला होता.

इंजिनिअरांनीही सोडवलाय. कुठल्याही ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, टायटल ब्लॉक. कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, कितवी दुरुस्ती, कुठल्या ड्रॉइंगवरून. ती रिकामी असेल तर पार्ट कितीही सुंदर होवो, मी तो घेत नाही. मानापमानासाठी नव्हे. उद्या पार्ट तुटला तर कुणाला विचारायचं, आणि चांगला निघाला तर कुणाकडून शिकायचं, हे त्या चौकटीवरून कळतं. नाव म्हणजे परतीचा रस्ता. माझी मागणी साधी आहे. गाणं उचला, वळवा, ठेका बदला, कन्नडमध्ये गा, ढोलावर वाजवा. फक्त खालची चौकट भरा. मूळ कुणाचं, चाल कुणाची, शब्द कुणाचे. कार्यक्रमात एका वाक्यात सांगा. रीलखाली एका ओळीत लिहा. दहा सेकंद लागतात.

इथवर लिहून मी ही पोस्ट टाकणार होतो. पण त्या दिवशी पीण्यात ती चौकट तपासताना जे आठवलं, ते न लिहिता टाकली तर मी त्या “भावना पोचली ना” वाल्यांच्याच रांगेतला.

२०११ ची गोष्ट. उंचावरचं ठाणं, छोटं वर्कशॉप. थंडीत गाड्यांचा एक ब्रॅकेट सारखा तडकायचा आणि तो बदलायला दोन माणसांचा अख्खा दिवस जायचा. आमच्या एका हवालदारानं भंगारातल्या पाट्याच्या स्प्रिंगमधून एक जिग बनवला. काम दोन तासांवर आलं. वरून विचारणा झाली, मी प्रेझेंटेशन केलं, पंधरा स्लाइड. त्यात ‘युनिटमधल्या टीमनं विकसित केलेलं’ असं एक वाक्य होतं. शाबासकीचं पत्र माझ्या नावानं आलं. मी त्या हवालदाराला चहाला बोलावलं, पाठ थोपटली, आणि फाइल बंद केली. खोटं मी काही लिहिलं नव्हतं. फक्त चौकट भरली नव्हती.

पीण्याहून परतल्यावर दोन दिवस टाळाटाळ करून शेवटी फोन लावला. ते नायब सुभेदार होऊन निवृत्त झालेत, मराठवाड्यात गॅरेज चालवतात. आधी पाऊस, मुलीचं लग्न, गुडघे. मग मी म्हटलं, “साहेब, तो जिग तुमचा होता. मी तुमचं नाव लिहिलं नाही. चुकलं माझं.”

पलीकडे थोडा वेळ पान्यांचा आवाज. मग म्हणाले, “साहेब, माझा कुठला? आधीच्या युनिटमध्ये आमचे एक उस्ताद होते, त्यांनी रेकीसाठी असला एक बनवला होता. मी बघून केला. आपल्या गाडीला बसावा म्हणून वाकडा केला, एवढंच.” आणि त्यांनी उस्तादांचं पूर्ण नाव सांगितलं. गाव सांगितलं. कुठल्या साली, कुठल्या शेडमध्ये, तेही सांगितलं. चौदा वर्षं मी ज्यांचं नाव गाळलं, त्यांनी स्वतः कुणाचंही नाव गाळलेलं नव्हतं.

दोन्ही नावं इथे देत नाही. या ब्लॉगवर मी कुणाचीच देत नाही, नियम तुम्हाला माहीत आहे. पण त्या युनिटच्या सध्याच्या सीओंना पत्र लिहिलंय, जिगच्या नोंदीत दोन्ही नावं घालावीत म्हणून. माझं नाव ‘सादरकर्ता’ म्हणून ठेवलं तरी चालेल. मी कव्हरच केलं होतं.

काल पुन्हा पीण्याला गेलो होतो. खानापूरच्या पोराला मूळ गाणं ऐकवलं. त्यानं एका कानात इअरफोन घालून शांतपणे ऐकलं, आणि म्हणाला, “साहेब, हा माणूस बरा नव्हता ना?” मी इयन कर्टिसचं सांगितलं. त्यानं खिशातून जॉबकार्ड काढलं, त्याच्या मागे पेनानं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून. मग आपल्या टी-शर्टकडे बघत म्हणाला, “आणि ह्याचं?”

मी म्हटलं, “त्याला वेळ लागेल. चल, चहा घेऊ.”